पुसदचे वकील वसंतराव नाईक आणि त्यांचे कायदे, सोप्या भाषेत

१ जुलै आला की कृषी दिनाचे बॅनर लागतात, पंचायत समितीत फोटोला हार घालतात, दोन-तीन भाषणं होतात आणि वसंतराव नाईक म्हणजे हरितक्रांती एवढं एक वाक्य डोक्यात ठेवून सगळे घरी जातात. मला ते वाक्य फार अपुरं वाटतं. हायब्रीड ज्वारी वगैरे ठीकच आहे, त्यावर येतोच, पण हा माणूस मुळात वकील होता आणि त्याच्या ज्या कामाची छाप आजही आपल्या आयुष्यावर आहे ते सगळं कायद्याच्या कागदावरचं आहे. झेडपी, जमिनीचं सीलिंग, कापसाची एकाधिकार खरेदी आणि रोजगार हमी. यातल्या प्रत्येक ठिकाणी एक प्रश्न विचारून बघायचा, की पळवाट कुठे होती, त्यांनी कुठली बुजवली आणि कुठली तशीच राहू दिली. वकिलाला पळवाट दिसतेच, त्यामुळे राहू दिलेली पळवाट बघितली की त्यामागचं राजकारणही कळतं.

आधी माणूस कुठून आला ते थोडक्यात. जन्म १ जुलै १९१३, गाव गहुली, तालुका पुसद, जिल्हा यवतमाळ. बंजारा समाज. वडील फुलसिंग तांड्याचे नाईक, म्हणजे तांड्यातली भांडणं, वाटण्या, रुसवेफुगवे नसाब म्हणजे तांड्याची पंचायत बसवून मिटवायचे ते घर. मुलाचं घरचं नाव हाजूसिंग. शाळा आसपासच्या गावांत तुकड्यातुकड्याने झाली, मग अमरावती, मग नागपूर, तिथे मॉरिस कॉलेज आणि १९४० साली एलएलबी. त्या काळात तांड्यावरचा पोरगा वकील होणं ही काय चीज होती हे आज सांगून कळणार नाही.

वकिलीची उमेदवारी केली ती अमरावतीला, पंजाबराव देशमुखांच्या हाताखाली. पंजाबराव म्हणजे बॅरिस्टर, आणि मध्यप्रांत-वऱ्हाडात मंत्री असताना त्यांनी कर्ज लवादाचा कायदा आणलेला, शेतकऱ्याच्या कर्जात सरकारने लवाद नेमून तडजोड करून द्यायची असा. म्हणजे नाईकांना गुरूच असा मिळाला की ज्याने कोर्टात अशिलांचे खटले लढवले आणि विधिमंडळात जाऊन कायदाच बदलला. १९४१ ला नाईक पुसदला आले आणि स्वतःची प्रॅक्टिस सुरू केली. वऱ्हाडातल्या तालुका कोर्टात तेव्हा काय चालायचं तर जमीन, कर्ज, गहाणखत, वाटणी, कुळाचे दावे. दिवसभर हेच कागद बघायचे. त्याच वर्षी नागपूरच्या वत्सला घाटे यांच्याशी लग्न केलं. मुलगी ब्राह्मण, मुलगा बंजारा, साल १९४१, दोन्हीकडून विरोध झालाच. वत्सलाताई पुढे आयुष्यभर सोबत राहिल्या, तेवढं पुरे.

मग नेहमीचा रस्ता. काँग्रेस, १९४६ ला पुसद नगरपालिकेचे अध्यक्ष, १९५२ ला आमदार. इथे आजच्या पोरांचा गोंधळ होतो म्हणून सांगतो, १९५२ ला पुसद मध्य प्रदेशात होतं, राजधानी नागपूर, त्यामुळे नाईक पहिल्यांदा उपमंत्री झाले ते मध्य प्रदेशचे, आणि खातं महसूल. १९५६ ला विदर्भ द्विभाषिक मुंबई राज्यात आला, तिथे सहकार आणि मग शेती, आणि १९६० ला महाराष्ट्र झाल्यावर यशवंतराव चव्हाणांच्या मंत्रिमंडळात महसूलमंत्री. यशवंतराव स्वतः एलएलबी, कराडला प्रॅक्टिस केलेले. म्हणजे राज्याची पहिली घडी बसवली ती तालुका कोर्टातून आलेल्या दोन माणसांनी, आणि दोघांनाही सात-बारा वाचता येत होता.

आता पहिला मोठा विषय, झेडपी. १९५७ साली केंद्राच्या बळवंतराय मेहता समितीने सांगितलं की लोकांच्या हातात कारभार द्या, तीन पायऱ्या करा, गाव, तालुका, जिल्हा. पण मेहता समितीचा जोर तालुक्याच्या पायरीवर, म्हणजे पंचायत समिती तगडी आणि जिल्ह्याने फक्त देखरेख करायची. राजस्थानने तसंच केलं. महाराष्ट्रात १९६० ला समिती नेमली, अध्यक्ष वसंतराव नाईक, आणि मार्च १९६१ ला रिपोर्ट आला, २२६ शिफारशी. त्यातली मुख्य गोष्ट मेहतांच्या उलट, की जोर जिल्ह्यावर द्यायचा. कारण साधं आहे, तालुक्याकडे ना पैसा ना इंजिनिअर ना डॉक्टर, सगळं सरकारी खातं जिल्ह्याच्या गावी बसलेलं, मग अधिकार तालुक्याला देऊन ते राबवणार कोण. म्हणून प्राथमिक शाळा, दवाखाने, गावरस्ते, लहान पाटबंधारे हे सगळं कर्मचाऱ्यांसकट झेडपीकडे. मास्तरची बदली झेडपीत व्हायची आणि मंत्र्यापेक्षा शिक्षण सभापतीकडे जास्त गर्दी असायची त्याचं मूळ इथे आहे.

पण मला आवडतो तो भाग वेगळा आहे. समितीने म्हटलं की कलेक्टर झेडपीचा सभासद नको आणि आमदार-खासदारही नकोत. थांबून विचार करा. कलेक्टर आत बसला असता तर अध्यक्ष कितीही निवडून आलेला असो, शेवटचा शब्द साहेबाचाच झाला असता, कारण इंग्रजांच्या काळापासून जिल्ह्याला तीच सवय. आमदार बसला असता तर झेडपीचा सदस्य त्याचा हरकाम्या झाला असता. दोन्ही दारं बंद केली आणि कलेक्टरच्या तोडीचा स्वतंत्र अधिकारी दिला, सीईओ म्हणजे मुख्य कार्यकारी अधिकारी, जो झेडपीचा कारभार बघणार. १ मे १९६२ ला झेडप्या सुरू झाल्या. राज्यघटनेत पंचायत राज आलं ७३ व्या दुरुस्तीने, १९९२ ला, म्हणजे आपल्याकडे तीस वर्षं आधी.

आणि यातून गावाकडच्या पोरांना राजकारणाची शिडी मिळाली. विलासराव देशमुख बाभळगावचे सरपंच म्हणून सुरू झाले, आर. आर. पाटील अकराएक वर्षं सांगली झेडपीत सदस्य होते, आणि योगायोग बघा, दोघंही एलएलबी. अर्थात शिडी कुणाच्या हाती लागली तर ज्याच्याकडे जमीन, सोसायटी आणि भावकी होती त्याच्या. नाईक समितीने कलेक्टरला बाहेर ठेवलं पण गावातल्या पाटलाला बाहेर ठेवायचा काही उपाय तिच्याकडे नव्हता, आणि खरं सांगायचं तर काँग्रेसला तो नकोच होता.

तेच सीलिंगमध्ये फार स्वच्छ दिसतं. सीलिंग म्हणजे काय, तर एका कुटुंबाने जास्तीत जास्त किती जमीन ठेवायची याला मर्यादा, त्यावरची सरकार घेणार, मोबदला देणार आणि भूमिहीनांना वाटणार. १९६१ चा कायदा, महसूलमंत्री नाईक, लागू झाला २६ जानेवारी १९६२ पासून. आता असा कायदा येतोय म्हटल्यावर जमीनदार काय करणार? आज मेव्हण्याच्या नावावर, उद्या गड्याच्या नावावर, परवा लग्न न झालेल्या पोरीच्या नावावर. हे कुठल्याही तालुका वकिलाला पाठ असतं, कारण असली खरेदीखतं त्याच्याच टेबलावर लिहिली जातात. म्हणून कायद्यात एक तारीख टाकली, ४ ऑगस्ट १९५९. त्या तारखेनंतर केलेले व्यवहार कायदा चुकवण्यासाठीच केलेत असं धरून चालायचं, आणि तसं नाही हे दाखवायची जबाबदारी जमीन देणाऱ्यावर. म्हणजे कायदा नंतरचा पण जाळं आधीचं. हुशारी आहे ही, आणि ही हुशारी कोर्टातूनच येते.

पण मग आकडे बघा. बारमाही बागायत असेल तर मर्यादा १८ एकर, ठीक. कोरडवाहूला मात्र भागानुसार वेगळी आणि ती कमाल १२६ एकरांपर्यंत जायची. शिवाय घरात पाचापेक्षा जास्त माणसं असली की मर्यादा वाढायची, थेट दुपटीपर्यंत. आता सव्वाशे एकराच्या पुढे जमीन असलेले खेड्यात किती असणार? पुढचं दार कुलूपबंद, मागचं सताड उघडं असा प्रकार झाला. कोरडवाहू १२६ एकरात फार पिकत नाही हे खरं, विदर्भ-मराठवाड्यातल्या माणसाला ते सांगायला नको, पण तरी भूमिहीनाच्या बाजूने बघितलं तर त्याला मिळायला उरलं काय हा प्रश्न राहतोच. मर्यादा खऱ्या अर्थाने खाली आली ती दुरुस्तीने, २ ऑक्टोबर १९७५ पासून, तेव्हा कोरडवाहू ५४ एकर झालं. तेव्हा नाईक मुख्यमंत्री नव्हते, पण दुरुस्तीची तयारी त्यांच्याच काळातली होती हेही सांगायला पाहिजे.

एका ठिकाणी मात्र १९६१ च्या कायद्याने खरंच मोठ्या माशाला हात घातला, खाजगी साखर कारखाने. नगर-पुणे पट्ट्यात या कारखान्यांकडे हजारो एकर ऊसजमीन होती, बरीचशी शेतकऱ्यांकडून खंडाने, म्हणजे भाड्याने, घेतलेली. ती सरकारने घेतली आणि १९६३ ला शेती महामंडळ काढून त्याच्याकडे दिली. पण शेतकऱ्याला लगेच परत मिळाली नाही, खंडकरी शेतकऱ्यांचा लढा मग पुढे पिढ्यानपिढ्या चालला. म्हणजे घेतली भांडवलदाराकडून आणि अडकली सरकारकडे.

हे सगळं होऊन नाईक मुख्यमंत्री झाले ते थोडं अचानकच. १९६२ च्या शेवटी चीनच्या युद्धात यशवंतरावांना संरक्षणमंत्री म्हणून दिल्लीला बोलावलं, इथे चंद्रपूरचे मारोतराव कन्नमवार आले, आणि वर्षभरात, २४ नोव्हेंबर १९६३ ला, कन्नमवार वारले. मधले काही दिवस बाळासाहेब सावंतांनी काम बघितलं आणि ५ डिसेंबरला वसंतराव नाईकांनी शपथ घेतली. का नाईक, याचं माझं उत्तर असं की ते विदर्भाचे होते, त्यामुळे विदर्भाला आपला माणूस वर बसलाय असं वाटत राहिलं, आणि त्यांची स्वतःची जात संख्येने लहान, त्यामुळे पश्चिम महाराष्ट्रातल्या मराठा नेत्यांना त्यांच्यापासून धोका वाटला नाही. कुणालाच धोका न वाटणारा माणूस मग २० फेब्रुवारी १९७५ पर्यंत टिकला, अकरा वर्षांच्या वर. त्यांच्या काळात १९६७ ला काँग्रेसला २७० पैकी २०३ जागा आल्या आणि १९७२ ला २२२. ६७ ला उत्तरेत काँग्रेसची सरकारं कोसळत होती, ते लक्षात घेऊन हे आकडे वाचा.

शेतीचं थोडक्यात सांगतो कारण ते सगळ्यांना माहीत आहे. १९६५-६६ ला दुष्काळ, अमेरिकेचा गहू खायची वेळ, आणि नाईकांनी पुण्यात भर सभेत जाहीर केलं की दोन वर्षांत राज्य धान्यात स्वयंपूर्ण झालं नाही तर फाशी घ्यायला तयार आहे. फाशीची भाषा वकिलाला शोभते का माहीत नाही, पण लोकांच्या लक्षात राहिली. मग हायब्रीड ज्वारी, विहिरी, पंप, खतं. म्हातारे लोक म्हणायचे भाकरीला चव नाही, कडबा गुरं खात नाहीत, पण पायलीला पोतं निघायला लागल्यावर कोण ऐकतंय. कृषी विद्यापीठं चार झाली, राहुरी १९६८, अकोला १९६९, परभणी आणि दापोली १९७२. एकाच जागी एक मोठं विद्यापीठ न काढता चार हवामानांना चार, हा निर्णय मला हायब्रीडपेक्षा मोठा वाटतो.

कापसाचा कायदा १९७१ चा आणि अंमल १९७२ च्या हंगामापासून. एकाधिकार म्हणजे काय? राज्यात पिकलेला कापूस शेतकऱ्याने फक्त सरकारी यंत्रणेलाच विकायचा, व्यापाऱ्याला विकणं गुन्हा. सरकार आधी हमीभाव देणार, मग कापूस जिनिंग करून गाठी बांधून विकणार, आणि हंगाम संपल्यावर नफा उरला तर बोनस म्हणून शेतकऱ्यालाच. कागदावर एवढी सुंदर योजना दुसरी नाही. प्रत्यक्षात संकलन केंद्राबाहेर बैलगाड्यांची रांग, दोन-दोन रात्री गाडीखाली झोपायचं, ग्रेडर बोंड दाबून बघणार आणि ग्रेड खाली टाकणार, काट्यावर कटती, आणि चुकारे हप्त्याहप्त्याने. पहिला हप्ता सोसायटीच्या कर्जात वळता व्हायचा आणि घरी गाडी रिकामीच यायची, असं वऱ्हाडात घरोघरी ऐकायला मिळतं.

आणि पळवाट? ती नकाशावरच होती. कायदा महाराष्ट्रापुरता, पण विदर्भाला तीन बाजूंनी दुसऱ्या राज्यांची हद्द. बाहेर भाव चढा असला की कापूस रात्री हद्द ओलांडून बाहेर जाणार आणि बाहेर भाव पडला की बाहेरचाच कापूस आपला म्हणून केंद्रावर येणार. म्हणजे तेजीत कापूस खरेदी करणाऱ्या फेडरेशनला माल नाही आणि मंदीत डोक्यावर डोंगर. ही पळवाट कुठलाही वकील एका राज्याच्या कायद्याने बुजवू शकत नव्हता. तीसेक वर्षं ती योजना ओढली, तोटा साचत गेला, आणि शेवटी एकाधिकार संपला. तरी जुने कापूसवाले अजून म्हणतात की व्यापाऱ्यापेक्षा ते बरं होतं, आणि त्यांना वेड्यात काढू नका, त्यांनी दोन्ही पाहिलंय.

आता सगळ्यात महत्त्वाचं, रोजगार हमी. १९७२ चा दुष्काळ म्हणजे लाल मिलो ज्वारी, पोरांना सुकडी, आणि आख्खं गाव खडी फोडायला. मे १९७३ मध्ये राज्यभरात दुष्काळी कामांवर सुमारे ५० लाख माणसं होती. पाझर तलाव, नाला बांध, रस्ते, हे सगळं त्या हातांनी केलेलं. पण दुष्काळी काम म्हणजे मेहेरबानीचं काम. आधी आणेवारी, म्हणजे पीक किती आलं याचा अंदाज, लावायची, मग सरकार टंचाई जाहीर करणार, मग काम निघणार. सरकारने जाहीरच नाही केलं तर तुम्ही उपाशी आहात हे कागदावर सिद्धच होत नाही.

रोजगार हमीने हा क्रम उलटा केला. कल्पना वि. स. पागे यांची, तासगाव तालुक्यातल्या विसापूरचे, विधान परिषदेचे अठरा वर्षं सभापती. त्यांनी साठच्या दशकात आपल्या भागात ती करून बघितली आणि नाईकांच्या सरकारने १९७२ पासून राज्याची योजना म्हणून उचलली. खेड्यातल्या कुठल्याही प्रौढ माणसाने अंगमेहनतीचं काम मागितलं की पंधरा दिवसांत ते द्यायचं, नाही दिलं तर बेकारी भत्ता. दुष्काळ आहे की नाही, तुम्ही गरीब आहात की नाही, कुणाचा दाखला आहे का, काही विचारायचं नाही. काम इतकं कष्टाचं आणि मजुरी इतकी बेताची की ज्याला गरज नाही तो येणारच नाही, त्यामुळे लाभार्थी निवडायची कटकटच नाही. सरकारी योजनेतली सगळ्यात मोठी पळवाट म्हणजे यादी, आणि इथे यादीच काढून टाकली. बायका मोठ्या संख्येने आल्या कारण मजुरी बाईला आणि बाप्याला एकच. खोटी हजेरी मस्टरवर लागली, मेलेली माणसं कामावर दाखवली गेली, तेही झालंच.

पैसा कुठून? नोकरदार असाल तर सॅलरी स्लिप काढून बघा, प्रोफेशनल टॅक्स २०० रुपये, फेब्रुवारीत ३००, वर्षाचे २५००. हा व्यवसाय कर १९७५ च्या कायद्याने आला तो रोजगार हमीसाठीच. शहरातल्या पगारदाराकडून घ्यायचा आणि तेवढीच भर सरकारने टाकायची. मुंबईतल्या कारकुनाच्या पगारातून बीडमधल्या बाईची मजुरी, एवढं थेट. म्हणून त्या टॅक्सला शिव्या घालण्याआधी जरा थांबा. हमीचा कायदा विधिमंडळाने १९७७ ला केला, लागू २६ जानेवारी १९७९ ला. आणि २००५ ला केंद्राने देशभरासाठी असाच कायदा केला तेव्हा समोर नमुना महाराष्ट्राचाच होता.

हे सगळं वाचून नाईक म्हणजे देवमाणूस असं वाटायला लागलं असेल तर मुंबईकडे बघा. शिवसेना १९६६ ला निघाली आणि गिरणगावातल्या कम्युनिस्टांना ठोकायला सरकारला ती सोयीची पडली, म्हणून विरोधक तिला वसंतसेना म्हणायचे. बॅकबेला समुद्र बुजवून नरिमन पॉइंटचे प्लॉट काढले आणि ते टेंडर न काढता बिल्डरांना दिले म्हणून रान उठलं, प्रकरण हायकोर्टात गेलं. ज्याने ४ ऑगस्ट १९५९ ची तारीख कायद्यात घालून शेतकऱ्यांच्या खरेदीखतांवर नजर ठेवली त्याच्या सरकारला मुंबईतल्या सोन्याच्या जमिनीसाठी टेंडर काढायचं सुचलं नाही, हे मला पटत नाही. पाईप ओढत शांतपणे ऐकून घेणारा, कुणाला न दुखावणारा असा त्यांचा लौकिक होता. खेड्यात त्याचा फायदा झाला, मुंबईत बिल्डरांना झाला.

१९७५ च्या फेब्रुवारीत दिल्लीने त्यांना उतरवलं आणि शंकरराव चव्हाणांना आणलं, तेही वकीलच. १९७७ ला काँग्रेसविरोधी लाटेत नाईक वाशिममधून लोकसभेवर निवडून आले. १८ ऑगस्ट १९७९ ला सिंगापूरमध्ये गेले. सीलिंगचा कायदा मात्र तेव्हाही सुप्रीम कोर्टात लढत होता, वामनराव खटला म्हणून लॉ कॉलेजला शिकवतात तो हाच, १९८० ला निकाल लागला आणि कायदा टिकला. ज्यांची १२६ एकराच्या आत बसत होती ते कशाला कोर्टात गेले असतील, मर्यादा ५४ वर आली म्हणून गेले. पुसदची जागा पुतणे सुधाकररावांकडे गेली, ते १९९१ ला मुख्यमंत्री झाले, आणि आजही तिथला आमदार नाईकांच्या घरातलाच आहे, तेवढं सीलिंग कुठल्या कायद्यात नाही.